गोड्या पाण्याचे मासे घेऊन विकायचेत? मग आधी मासा कुठल्या पाण्यातला ते कागदावर आणा

घणसोलीच्या एका भावाचा प्रश्न आहे, थोडक्यात सांगतो. मुरबाड-शहापूरकडे धरणांवर, तलावांवर गावातली पोरं जाळं टाकतात, त्यांच्याकडून रोहू, कटला, मरळ घेऊन रविवारी घणसोली, कोपरखैरणे, खारघरच्या सोसायट्यांमध्ये व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेऊन विकायचा विचार आहे. एक मित्र बारवीवर गळ टाकतो, त्याचाही माल मिळेल. तर लायसन कुठलं कुठलं लागतं आणि पकडलं तर काय होतं?

मी ठाण्यात गोड्या पाण्याच्याच माशांचा धंदा करतो, घाऊक घेतो आणि किरकोळवाल्यांना देतो, त्यामुळे हा प्रश्न नवीन पोरांकडून सारखा येतो आणि दर वेळी तो लायसनपासूनच सुरू होतो. लायसन हा यातला सोपा भाग आहे भाऊ. विक्रीची साधी नोंदणी वर्षाला शंभर रुपयांत होत आलीये. खरी गोष्ट अशी की तुमच्या पेटीतला मासा कुठल्या पाण्यातून निघाला, त्या पाण्यात जाळं टाकायचा हक्क कोणाचा होता आणि त्याने तुम्हाला कधी, किती वजन दिलं, हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. एवढं असेल तर बाकीचं सगळं जमतं, आणि हे नसेल तर भिंतीवर कितीही सर्टिफिकेटं लावा, उपयोग नाही.

आता पाण्याचं बघू. अंतर्गत मासेमारी हा राज्याचा विषय आहे, महाराष्ट्राचा मत्स्यव्यवसाय कायदा १९६० चा आहे, आणि समुद्रातल्या मासेमारीचा १९८१ चा कायदा वेगळा आहे. हे सांगायचं कारण म्हणजे लोक दोन्हीची खिचडी करतात. १ जून ते ३१ जुलै बंदी असते ती समुद्रातल्या यांत्रिक बोटींना, ती धरणाला आणि तलावाला लागू नाही. उलट त्याच दोन महिन्यांत ठाणे-नवी मुंबईत गोड्या माशांची मागणी वाढते कारण समुद्राची ताजी आवक कमी होते, आणि नेमका तेव्हाच वाटेल तो माल वाटेल तिथून बाजारात घुसतो.

पाटबंधाऱ्याची धरणं आणि तलाव मासेमारीसाठी मत्स्यव्यवसाय विभाग ठेक्याने देतो, साधारण पाच वर्षांसाठी, आणि बहुतेक ठिकाणी तो ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. लहान गावतळी ग्रामपंचायतीची किंवा जिल्हा परिषदेची असतात, त्यांचा ठेका तिकडून होतो. आता लोकांना वाटतं धरणातला मासा म्हणजे देवाचा मासा, ज्याने पकडला त्याचा. तसं नाहीये. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या पाण्यात अंडी घालणारे मासे, साठलेल्या तळ्यात ते वीण देत नाहीत, म्हणून संस्था मत्स्यबीज विकत आणून बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडते आणि पुढे वर्षभर ती वाढायची वाट बघते. तो मासा एक किलोचा होईपर्यंत त्यात कोणाचे तरी पैसे अडकलेले असतात. रात्री कोणीतरी येऊन चोरून जाळं टाकून जातो आणि सकाळी अर्ध्या भावात नाक्यावर विकतो तेव्हा तो त्या संस्थेच्या भोई, कातकरी, ठाकर, कोळी सभासदांच्या तोंडचा घास काढत असतो, आणि घेणारा त्यात सामील असतो. मला या गोष्टीचा खरंच राग येतो.

म्हणून "गावातली पोरं जाळं टाकतात" एवढ्यावर जाऊ नका. पोरं संस्थेची सभासद आहेत का ते विचारा. त्या पाण्याचा ठेका कोणत्या संस्थेकडे आहे, कधीपर्यंत आहे, हे ठाण्याच्या सहाय्यक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात कळतं. संस्थेच्या सचिवाला भेटा, ठेक्याच्या आदेशाची झेरॉक्स मागा आणि माल संस्थेच्या पावतीवरच उचला. पावतीवर संस्थेचं नाव आणि नोंदणी क्रमांक, तलावाचं नाव, तारीख, माशाची जात, वजन, भाव एवढं हवं. सभासदाकडून थेट काठावर घेत असाल तर स्वतःची दोन प्रतींची पावतीवही ठेवा, त्याचं नाव, गाव, वजन लिहा, सही किंवा अंगठा घ्या आणि एक प्रत त्याच्या हातात द्या. त्याच्या हातातली प्रत तुमच्या प्रतीइतकीच महत्त्वाची आहे, कारण काठावर वजनात आणि हिशेबात मार खातो तो नेहमी मासेमारच.

एक प्रकार सर्रास चालतो. ठेका संस्थेच्या नावावर आणि प्रत्यक्षात सगळं पाणी बाहेरच्या एखाद्या पैसेवाल्याच्या ताब्यात, सभासद त्याच्याकडे रोजाने. असा पोटठेका ठेक्याच्या अटीत बसत नाही आणि उद्या संस्थेचा ठेका रद्द झाला की तुमचा माल मध्येच बंद. तसंच उचलीचं. आधी दहा-वीस हजार उचल देऊन मासेमाराला बांधून घ्यायचं आणि मग भाव पाडून माल घ्यायचा ही पद्धत जुनी आहे, कायदा तुम्हाला त्यासाठी लगेच धरणार नाही, पण मी सांगेन करू नका, रोखीत आणि खऱ्या भावात घ्या, माल तुमच्याकडेच येईल.

मित्राच्या गळाचं उत्तर नाही असं आहे. घरी खायला कोणी दोन मासे काढतो तो विषय वेगळा, विक्रीसाठी गळ काय आणि जाळं काय, हक्क लागतोच, आणि बारवी तर एमआयडीसीचं पिण्याच्या पाण्याचं धरण आहे. तानसा, मोडकसागर मुंबई महापालिकेची धरणं. तानसाचा परिसर तर अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायदा १९७२ चा प्रश्न येतो आणि मत्स्य विभाग सोडून वनखातं दारात उभं राहतं. मित्राला सांगा छंद म्हणून परवानगी असेल तिथे जा, तो माल तुमच्या पेटीत नको. आणि जाळ्यात आलेलं कासव कोणी "औषधी आहे, गिऱ्हाईक मिळेल" म्हणून पुढे केलं तर हातही लावू नका. गोड्या पाण्यातली मऊ पाठीची कासवं संरक्षित आहेत, सरळ गुन्हा आहे तो.

आता विक्रीकडे येतो. अन्न सुरक्षा कायदा २००६ चा. त्यात एक फार महत्त्वाची तरतूद आहे जी कोणी वाचत नाही, कलम १८ मध्ये, की शेतकरी आणि मासेमार यांना त्यांच्या स्वतःच्या कामापुरता हा कायदा लागू नाही. म्हणजे धरणावरच्या मासेमाराकडे एफएसएसएआय (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) नंबर नसला तरी त्याच्याकडून घेणं चूक नाही. पण तुम्ही मासेमार नाही. तुम्ही विकत घेऊन विकताय, म्हणजे तुम्ही अन्न व्यावसायिक झालात, मग दुकान असो, हातगाडी असो की फोनवरची ऑर्डर असो. २०११ च्या नियमांत वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असली तर साधी नोंदणी आणि त्यावर गेली तर राज्याचा परवाना अशी रचना आली. अर्ज एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर होतो, भरण्याआधी उलाढालीची चालू मर्यादा आणि फी तिथेच बघून घ्या. फोटो, ओळखपत्र, जागेचा पुरावा बास. एजंट दोन-तीन हजार घेतात, काही गरज नाही, मोबाईलवरून होतं.

नोंदणी जागेला असते हे लक्षात ठेवा. घणसोलीत माल ठेवताय तर घणसोलीच्या पत्त्यावर. उद्या खारघरला दुसरा स्टॉल टाकलात तर त्याची वेगळी. आणि खारघर-कामोठे म्हणजे लोक नवी मुंबईच समजतात पण तिकडे २०१६ पासून पनवेल महापालिका आहे आणि जिल्हा रायगड, त्यामुळे एफडीएचं, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं ऑफिसही बदलतं. तुमचं वागळे इस्टेटला, त्यांचं पेणला.

या परवान्याची जी अट सगळ्यात जास्त मोडली जाते ती अशी की माल फक्त नोंदणीकृत किंवा परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची. मासेमार अपवाद हे वर सांगितलंच. पण भिगवणच्या आडत्याकडून उजनीचा माल घेतलात, किंवा भीमावरम-कोल्लेरू भागातून थर्माकोलच्या पेट्यांत येणारा आंध्रचा रोहू-कटला कोणा घाऊकवाल्याकडून उचललात, तर त्याच्या बिलावर त्याचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर पाहिजेच. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर तो नंबर छापणं बंधनकारक आहे. कच्च्या चिठ्ठीवर "कटला ४ पेटी" लिहून देणारे अजून आहेत, त्यांना पक्कं बिल मागा, एकदा तोंड वाकडं करतील मग देतील. कारण कायद्याच्या कलम २७ मध्ये विक्रेत्यावर जबाबदारी कधी येते ते लिहिलंय, त्यात एक मुद्दा हाच आहे की माल कोणाकडून घेतला हे सांगता येत नसेल तर. मालात काही निघालं आणि तुमच्याकडे पुरवठादाराचं बिल आहे, तर चौकशी तुमच्यावरून पुढे त्या पुरवठादाराकडे जाते. बिल नाही, तर ती तुमच्यापाशीच थांबते. एवढा साधा फरक आहे.

आता जात कुठली विकायची ते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या, मरळ, वाम, चिलापी यात अडचण नाही. थाई मांगूरला हात लावू नका. ही आफ्रिकन मांगूर, केंद्राने २००० सालीच तिच्यावर बंदी घातली, २०१९ ला राष्ट्रीय हरित लवादाने कडक आदेश दिले आणि त्यानंतर आपल्या राज्यात तळीच्या तळी नष्ट केली गेली. बंदीचं कारण खरं आहे, ती इतर मासे आणि त्यांची पिल्लं खाते, हवेतून श्वास घेत असल्यामुळे कसल्याही घाणीत जगते, आणि तिला कत्तलखान्याचं आणि कोंबडीचं टाकाऊ खायला घालून वाढवतात. पुरात एकदा नदीत सुटली की देशी मासा संपलाच. आपली देशी मांगूर चालते, फक्त ती लहान असते, पाव किलोच्या आसपासच बाजारात दिसते. टबात दीड-दोन किलोची, अंगावर करडे-काळे डाग असलेली जिवंत मांगूर कोणी "गावठी आहे" म्हणून दाखवत असेल तर ती गावठी नाही, सोडून द्या. भाव कितीही चांगला असला तरी.

नावाचा प्रामाणिकपणा ठेवा. रूपचंदला "नदीचं पापलेट" म्हणून खपवणं रोज चालतं. रूपचंद खायला वाईट नाही, गिऱ्हाईकाला रूपचंद म्हणून द्या, त्याच्या भावात द्या. मागितलं एक आणि दिलं दुसरं याला कलम ५० खाली दंड आहे, पाच लाखांपर्यंत, आणि लहान नोंदणीवाल्याला पंचवीस हजारांपर्यंत. पंगासचंही तेच, पंगास म्हणूनच द्या, मरळीचे तुकडे म्हणून देऊ नका. सोसायटीतल्या बंगाली गिऱ्हाईकासमोर तर हे एक दिवसही टिकणार नाही, त्यांना खवल्यावरून कळतं आणि ग्रुपवर एक मेसेज पडला की धंदा बसतो.

बर्फावर मी थोडं जास्त बोलणार कारण घाण बर्फातून आजार पसरू शकतो. मासा झाकायला बर्फ हवा तो पिण्याच्या पाण्याचाच. २०१८ मध्ये आपल्या एफडीएने खाण्यायोग्य नसलेल्या बर्फाला निळा रंग द्यायची सक्ती केली, म्हणजे ओळखता यावा म्हणून. निळसर लादी स्वस्त मिळते म्हणून फोडून माशांवर टाकली तर तपासणीत लगेच सापडाल आणि सापडायला हवंच. माशाच्या वजनाइतका बर्फ धरा, उन्हाळ्यात त्याहून जास्त, तळाला थर, मध्ये थर, वर थर, आणि पेटीच्या तळाला भोक ठेवा म्हणजे वितळलेलं पाणी निघून जाईल, त्या पाण्यात मासा भिजत राहिला की वास धरतो. मुरबाडहून माल निघतो तेव्हाच बर्फ पाहिजे, घणसोलीला पोचल्यावर टाकलेला बर्फ फक्त दाखवायला. फॉर्मालिनचं तर नावच नको. २०१८ ला केरळ आणि गोव्यात त्यावरून केवढा गोंधळ झाला ते आठवत असेल, तो मृतदेह टिकवायचा पदार्थ आहे, माशात टाकायला अजिबात परवानगी नाही. कोचीच्या सिफ्ट या मत्स्य संशोधन संस्थेने पट्टीवर तपासायचं किट काढलंय, बाहेरगावचा माल घेणाऱ्याने ते ठेवावं असं मी म्हणेन. लांबून आलेला मासा, डोळे आत गेलेले, कल्ले फिके, पण वास अजिबात नाही आणि माशीही बसत नाही, असं दिसलं की मी तो माल घेत नाही.

तसंच मासा कसा मारला ते. स्फोटक किंवा विष टाकून मासे मारणं १८९७ च्या इंग्रजांच्या काळच्या कायद्यापासून गुन्हा आहे. तरी ओढ्यांत, डोहांत ब्लीचिंग पावडर, कीटकनाशक, जिलेटीनच्या कांड्या अजून वापरतात, आणि त्यात छोट्यातलं छोटं पिल्लूसुद्धा मरतं, पाणी पुढे गाव पितं. जिलेटीनचा मासा कापला की आत रक्त साकळलेलं दिसतं, पोटातला हवेचा फुगा फाटलेला असतो, कधी काटा मोडलेला असतो. एकाच वेळी बोटाएवढ्यापासून दोन किलोपर्यंत सगळ्या आकाराचे मासे ढिगाने आले तरी शंका घ्या, कारण ठरावीक आसाच्या (भोकांच्या मापाच्या) जाळ्यात साधारण एका मापाचा मासा येतो.

पावसाळ्याच्या सुरुवातीला वलगणीचे मासे चढतात ते तर आपल्या ठाणे-रायगडचं सगळ्यांना माहितीये. पहिल्या पावसात मासा नदीतून ओढ्यात, शेतात अंडी घालायला वर येतो, गाबोळीने भरलेला. गावातली माणसं चार मासे घरी नेतात, पिढ्यानपिढ्या नेतात, त्यांना कोण काय बोलणार. पण शहरातला व्यापारी टेम्पो लावून तो माल किलोने उचलायला लागला की त्या ओढ्याचं पुढच्या वर्षीचं बीजच गेलं. ठेक्याच्या तलावांना विणीच्या काळातली बंदी आणि जाळ्याच्या आसाचं बंधन करारात लिहिलेलं असतं, ती झेरॉक्स मागितलीत तर त्यात वाचून घ्या आणि त्या काळात त्या तलावाचा माल घेऊ नका. जून-जुलैत आंध्रचा तळ्यावर वाढवलेला माल पक्क्या बिलाने मिळतो, गिऱ्हाईक सांभाळायला तो पुरतो.

महापालिकेचं थोडक्यात. दुकान असेल तर महापालिकेचा मासळीविक्रीचा परवाना, रस्त्यावर बसणार असाल तर २०१४ च्या फेरीवाला कायद्याखालचं प्रमाणपत्र. घरपोच देत असाल तर सोसायटीच्या गेटवर टब मांडून कापायला बसू नका, ती विक्री धरली जाते आणि तक्रार पहिल्या रविवारीच होते. कापून, साफ करून, वजन लिहून पिशवीतच न्या. खवले-आतडी गटारात नाही, खाडीत तर नाहीच, ओल्या कचऱ्यात. आणि दिवाळे, करावे, सारसोळे, ठाण्याला चेंदणी-कोपरी, जिथे कोळी बायका पिढ्यांपासून बसतात तिथे त्यांच्या बाजूला जाऊन भाव पाडायचा उद्योग करू नका. परवान्याचा प्रश्न नाही हा, पण त्यांच्या पोटाचा आहे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींना गोडा माल ठेवायचा असतो, त्यांना तुम्ही पुरवठा करू शकता, ते उलट बरं.

काटा इलेक्ट्रॉनिक असेल तर वैधमापनकडून दरवर्षी तपासून शिक्का मारून घ्यावा लागतो, सर्टिफिकेट पेटीत ठेवा. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं हे ऑर्डर घेतानाच सांगा, निम्मी भांडणं तिथेच संपतात.

पैशाचं. ताज्या आणि जिवंत माशावर जीएसटी नाही, फक्त तोच विकत असाल तर नंबर घ्यायची सक्तीही नाही. मसाला लावून, पॅक करून, लेबल लावून विकायला लागलात की वेगळे नियम, ते आत्ताच डोक्यात घेऊ नका. आयकरात एका दिवसात एकाला दहा हजारांवर रोख दिलेला खर्च धरत नाहीत, पण मासा प्रत्यक्ष पकडणाऱ्याला दिलेल्या रोखीला सूट आहे, दलालाला किंवा व्यापाऱ्याला दिलेल्या रोखीला नाही. बघा, इथेही मासेमाराच्या सहीची पावतीच कामाला येते.

पकडलं तर काय, हे तुम्ही विचारलंत. नोंदणी नसेल तर दंड आणि धंदा बंद, माल खराब किंवा बर्फ चुकीचा निघाला तर माल जागेवर नष्ट, थाई मांगूर सापडली तर नष्ट आणि वर केस, चोरीचा माल निघाला तर पोलीस. यातलं काहीही टाळायला ओळख लागत नाही. तुम्ही असं करा, या आठवड्यात फॉसकॉसवर अर्ज टाका, पावतीवही छापून घ्या, काट्याला शिक्का मारून घ्या आणि एका दिवशी मुरबाडला जाऊन एकाच तलावाच्या एकाच संस्थेशी बोला, सुरुवातीला रविवारी तीस-चाळीस किलोच्या वर जाऊ नका. सचिव ठेक्याची झेरॉक्स द्यायला का-कू करायला लागला, उद्या देतो परवा देतो करायला लागला, तर त्याच्याशी वाद घालू नका, शेजारच्या तलावाची संस्था गाठा.